एकदा तरी खलास म्हणू नकोस

प्रिय शरयू,

"उजू, तू कशालाच वाईट म्हणत नाहीस, म्हणून तुझ्या चांगल्याला काही वजन नाही."

हे तू म्हणालीस तेव्हा तुझ्या हातात पोह्यांची बशी होती. इथे आखातात, करामा भागातल्या माझ्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, टीव्हीसमोर गालिच्यावर तू मांडी घालून बसली होतीस. आपली ओळख जेमतेम महिन्याभराची. भाड्याने आणलेल्या कॅसेटवर एक सिनेमा बघून झाला होता, कसा वाटला असं तू विचारलंस आणि मी म्हटलं, "छान होता की!" तू हसली नाहीस. घास गिळलास, ते वाक्य बोललीस, आणि वर म्हणालीस, "आणि पोह्यांत मीठ कमी आहे."

चौदा-पंधरा वर्षं झाली असतील त्याला. तुला जाऊनही आता वर्ष होत आलं. मग आजच का लिहायला बसले?

कारण गेल्या शुक्रवारी मी पहिल्यांदा एका गोष्टीला तोंडावर वाईट म्हटलं. आणि ती गोष्ट तुझ्या केतकीने केलेली होती.

तेव्हापासून तिचा फोन नाही. मी दोनदा केला तर श्रीकांत भावोजींनी घेतला. "ती बिझी आहे हो, एडिटिंग चाललंय," म्हणाले. त्यांच्या आवाजावरून कळत होतं की ती शेजारीच उभी आहे. मी घरात नुसती फिरते आहे. कपड्यांच्या घड्या घालते, पुन्हा उलगडते. काल वरणाला दोनदा फोडणी दिली. तुझ्याशी बोलल्याशिवाय हे थांबायचं नाही, आणि बोलायला तू नाहीस. म्हणून हा कागद.

आधी आपले शुक्रवार आठवू दे. नाहीतर पुढचं मला नीट सांगता येणार नाही.

शुक्रवारी नमाजाची वेळ झाली की नसीमचे यजमान मशिदीत जायचे, तुझे आणि माझे यजमान क्रिकेट खेळायला, आणि आपण तिघी माझ्याकडे. नसीम वरच्या मजल्यावरून घावन घेऊन उतरायची. तू केतकीला घेऊन यायचीस, हातात व्हिडिओच्या दुकानाची पिशवी. आणि त्या पिशवीपेक्षा मोठी तुझी मतं!

तुझा एकच नियम होता. पडद्यावर काही खोटं दिसलं की "खलास!" म्हणायचं. तो शब्द तू तुझ्या ऑफिसातून उचलला होतास, तिथे कुठलंही काम संपलं किंवा संपवायचं असलं की तेच म्हणत. खलास म्हटलं की कॅसेट थांबायची. जिने थांबवली तिने काय खोटं वाटलं ते सांगायचं, बाकीच्यांनी भांडायचं, आणि भांडण मिटलं तरच पुढे जायचं. आपला रिमोट मोडलेला होता, म्हणून व्हीसीआरजवळ केतकी बसायची. सहा-सात वर्षांची असेल तेव्हा. तू खलास म्हणालीस की तिचं बोट पॉझच्या बटणावर. कधीकधी तू तोंड उघडायच्या आतच!

अडीच तासांचा सिनेमा आपल्याला पाच तास पुरायचा. पुरुष खेळून, भुकेजून परत यायचे आणि नायिका अजून पहिल्याच गाण्यात.

"शरयूबाय, जरा पुढं जाऊ दे की त्या पोरीला," नसीम म्हणायची. "कधीची थांबलीये झाडाखाली, उन्हात काळी पडेल."

"काळी कसली पडते? घरात मोलकरणीसारखं राबवतात म्हणे हिला, आणि नखं बघ! नखं रंगवायला वेळ कोणी दिला?"

"तुझ्या घरी ये म्हणावं. तू नाय देणार."

आणि मी? मी चहा गाळायचे. कधी खलास म्हटलं नाही मी. एकदाही नाही. मला त्या रंगवलेल्या नखांचीही दया यायची. वाटायचं, कुणीतरी पहाटे उठून रंगवली असतील ती, कुणाला तरी शंभर रुपये मिळाले असतील. तुला हे सांगितलं तर तू डोळे फिरवलेस. "उजू, तू सिनेमा बघत नाहीस, तू त्याला जेवायला वाढतेस."

तुला ठाण्याच्या दादांच्या कॅसेटी आठवतात?

दूरदर्शनवर एक मराठी मालिका लागायची. सगळे तिचं कौतुक करायचे आणि इथे ती दिसायची नाही. तुझे दादा दर आठवड्याला ती टेप करून ठेवायचे. जाहिरात लागली की थांबवायचे आणि पुन्हा सुरू करायला हटकून उशीर करायचे, त्यामुळे प्रत्येक प्रसंगाचं पहिलं वाक्य गायब. पूर्ण मालिका चार कॅसेटींत भरून त्यांनी कुणाबरोबर तरी पाठवली. विमानतळावर त्या तपासायला ठेवून घेतल्या, तेव्हा ठेवायचेच. दोन आठवड्यांनी परत मिळाल्या त्या खाकी पाकिटात, आणि दादांच्या चिठ्ठ्यांवर तपासणीवाल्यांचे स्टिकर घट्ट चिकटवलेले. कुठली पहिली, कुठली शेवटची, काही कळेना. मग तूच एक उचललीस. "हीच पहिली. हिची रिबन ताणलेली दिसते," म्हणालीस. केवढ्या आत्मविश्वासाने!

पहिल्याच प्रसंगात नवरा गेलेला. बाई एकटी, मुलगा शाळेत निघालेला. पुढच्या शुक्रवारी दुसरी कॅसेट लावली, तर नवरा जेवायला बसलेला आणि बाई त्याच्याशी कडाकडा भांडतेय.

तू उठून उभी राहिलीस. "याला म्हणतात हिंमत! शेवट आधीच सांगून टाकला त्याने. आता पुढे काय होणार याची भीती नाही, कसं झालं तेवढं बघायचं. आपल्याकडे हे कुणी केलंय का? उजू, बघतेस ना?"

"छान आहे," मी म्हटलं.

नसीम घावन मोडत म्हणाली, "माझ्या तर काय डोक्यात शिरत नाय. तो मेलाय का जिवंत हाय, एवढं सांग. म्हंजे मला रडायचं की नाय ते कळेल."

"आठवण आहे ती, नसीम! बाईच्या मनात चाललंय सगळं."

पुढचा सबंध आठवडा तू त्या दिग्दर्शकाची आरती केलीस. ऑफिसातल्या लोकांना सांगितलंस. दादांना पत्र लिहिलंस. आणि मग तिसऱ्या कॅसेटच्या मध्यावर व्हीसीआरजवळून एक बारीक आवाज आला.

"मम्मी, द बेबी इज गेटिंग स्मॉलर."

पडद्यावर तोच मुलगा पाळण्यात. आधी शाळेत जात होता, मग रांगत होता, आता पाळण्यात! नसीमला हसताना ठसका लागला. मला पाणी आणायला उठता येईना. तूही हसलीस, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पण हार मानलीस का? छे! "मग काय झालं? दिग्दर्शकाला जे सुचलं नाही ते विमानतळावरच्यांनी करून दाखवलं. मालिका अशीच चांगली आहे." आणि चौथी कॅसेट, म्हणजे खरी पहिली, तू आम्हाला शेवटीच बघायला लावलीस.

खरं सांगू? तशीच चांगली होती ती. शेवटी लग्न, हार, हसणारी मुलगी, आणि आपल्याला पुढचं सगळं माहीत. नसीम तेव्हा कुठे रडली.

पण त्या दुपारी मी केतकीकडे बघत होते, शरयू. तिने ते ओळखलं होतं. आपण तिघी मोठ्या बायका तीन आठवडे अक्कल पाजळत होतो आणि त्या पोरीने बघितलं होतं. हसू ओसरल्यावरही ती तुझ्याकडेच बघत बसली होती. बोट बटणावर, मान तुझ्याकडे. तू काहीतरी म्हणशील म्हणून.

तू म्हणालीस, "चल, प्ले कर."

का गं? एक शब्द काय जड होता?

मला तिचं शाळेचं गॅदरिंगही आठवतं. ती राणी झाली होती. परत येताना तू गाडी चालवत होतीस, मी शेजारी, ती मागे. तू आरशात बघून म्हणालीस, "संवाद चोख होते. पण राणी कुठे होती? मला तर आमची केतकीच दिसली." ती मागे हातातल्या खोट्या बांगड्या एकेक करून काढत होती. मी वळून म्हटलं, "मला तर फारच आवडलं गं, सोन्या!"

"यू लाइक एव्हरीथिंग, मावशी," ती म्हणाली.

बारा वर्षांची पोर! तुझंच वाक्य तिच्या तोंडी इंग्रजीत आलं होतं.

आता ती कॉलेजात सिनेमाच शिकते, हे तुला माहीत आहे. तुला माहीत नाही ते हे, की शेवटच्या वर्षासाठी तिने वीस मिनिटांची फिल्म केली आहे. तुझ्यावर. येत्या बुधवारी संध्याकाळी कॉलेजच्या हॉलमध्ये दाखवणार आहेत. गेल्या शुक्रवारी ती लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. नसीम आता दापोलीला परत गेली, तू अशी गेलीस, म्हणजे त्या गालिच्यावरची मी एकटीच उरलेली.

"मावशी, बी ऑनेस्ट हं," ती म्हणाली. "पप्पा रडले फक्त. दॅट्स नॉट फीडबॅक."

मी चष्मा पुसून बसले.

शरयू, तुला काय सांगू! इथल्या मराठी मंडळातल्या एका बाईंनी तुझं काम केलंय. पांढरी, कडक इस्त्रीची साडी. तू कधी साडीत दिसलीस गं, दिवाळी सोडून? त्या बाई बाल्कनीतल्या तुळशीला दिवा लावतात. मुलीच्या केसांवरून हात फिरवतात. "माझं काय, तुम्ही सुखी राहा," म्हणतात. मागे सनई. डॉक्टर रिपोर्ट देतात तेव्हा कॅमेरा चेहऱ्यावर जातो, मग पुन्हा जातो, मग पुन्हा जातो. तीनदा! तू मान झटकून, तोंडाने ढगांचा गडगडाट काढून ज्याची नक्कल करायचीस, तेच. आणि शेवटी बाई उशीवर मान ठेवून मुलीचा हात धरतात आणि म्हणतात, "छान केलंस, बाळा. फार छान केलंस."

मी विचार करून बोलले नाही. ते तोंडातून निघालं.

"खलास."

आणि केतकीचं बोट आपोआप बटणावर गेलं. इतक्या वर्षांनी! लॅपटॉपवर ती बाई डोळे अर्धे मिटून थांबली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. मला वाटतं, त्या क्षणी तू खोलीत होतीस. उगीच म्हणत नाही.

मग नियमाप्रमाणे मला सांगावं लागलं. मी म्हटलं, "केतकी, ही शरयू नाही. ही कुणीतरी दुसरीच आहे. तुझी आई तुळशीपाशी उभी राहून असं काही बोलणार नाही. हॉस्पिटलात टीव्ही बघताना काय म्हणाली होती आठवतं? 'कॅन्सर झालेल्या बाईची लिपस्टिक बघ, मलाही त्याच शेडची आणून दे.' ती बाई कुठे आहे यात?"

ती एकदम मराठीत बोलली. ती मराठी बोलते तेव्हा काहीतरी मोडलेलं असतं, मला ठाऊक आहे.

"मावशी, ती बाई माझ्या घरी रोज होती. तुमच्याकडे शुक्रवारी यायची, माझ्याकडे रोज. माझं ड्रॉइंग, माझा निबंध, माझे मित्र, सगळ्याला खलास. मला वीस मिनिटं अशी आई पाहिजे, जी छान म्हणते. फक्त वीस मिनिटं. त्यात काय खोटं आहे?"

तुला याचं उत्तर देता आलं असतं का?

तिने लॅपटॉप मिटला, चपला घातल्या. चहा तसाच राहिला. मी लिफ्टपर्यंत मागे गेले, तर म्हणाली, "इट्स ओके, मावशी," आणि दार बंद झालं.

तेव्हापासून ही घालमेल. फिल्म वाईट आहे. खरंच वाईट आहे, शरयू, तू पहिल्या मिनिटाला थांबवली असतीस. आणि तरी तिचं म्हणणं खोटं नाही. दोन्ही खरं कसं असतं? इतकी वर्षं सगळ्याला छान म्हणत आले ते यासाठीच तर नाही, की कुणाच्या तरी डोळ्यांत असं काही बघायला लागू नये?

तुझ्यावर रागही येतो. शेवटी उपचारांसाठी दादांकडे गेलीस, तेव्हा ठाण्याहून फोनवर तू मला काय विचारलंस? टीव्हीवरच्या त्या रोजच्या मालिकेतल्या मोठ्या सुनेचं काय झालं! मी सांगितलं, तिची स्मृती परत आली. तू हसलीस, खोकलीस, म्हणालीस, "अजून चालूच आहे का ते?" आपण फोनकार्ड संपेपर्यंत त्या सुनेवर बोललो. केतकीसाठी काही ठेवून गेली असतीस तर? एखादं वाक्य?

पण तू ठेवलं होतंस. तिच्याजवळ नाही, माझ्याजवळ.

रास अल खोरच्या गॅरेजमधून तुझी गाडी घेऊन आपण परत येत होतो. एसी दुरुस्त झाला म्हणून दिला होता आणि गरम वाराच मारत होता. सिग्नलला थांबल्यावर तू अचानक म्हणालीस, "परवाच्या सिनेमात ती आई रडली नाही, नुसती कांदा चिरत राहिली, आठवतं? मला वाटलं, नटीला रडणं जमलं नाही. केतकी म्हणाली, नाही मम्मी, तिला मुलासमोर रडायचं नाहीये, म्हणून तिने कांदा घेतलाय. उजू, मला हे दिसलं नव्हतं. पोरीला नजर आहे. माझ्यापेक्षा चांगली."

"मग तिला सांग की!"

"नको. सांगितलं की ती मला आवडेल तेवढंच बघायला लागेल. तिचं तिला बघू दे."

सिग्नल सुटला. मागचा हॉर्न वाजवत होता आणि तू काच खाली करून त्याला "यल्ला, यल्ला, जातेय!" म्हणून ओरडलीस. तो विषय तिथेच राहिला.

मी तिला हे का सांगितलं नाही, विचारशील. सांगायचं फार मनात होतं. तुझे दिवस झाले तेव्हा, तिच्या वाढदिवसाला. पण माझ्या तोंडून ते आलं असतं तर तिने काय म्हटलं असतं? "यू लाइक एव्हरीथिंग, मावशी." तिला वाटलं असतं, मावशीने मन राखायला गोड काहीतरी रचलं. तुझं सोन्यासारखं वाक्य माझ्या तोंडातून जाऊन पितळ झालं असतं. म्हणून गिळून बसले.

आता मात्र मी तिच्या फिल्मला वाईट म्हटलंय. तोंडावर. आता कदाचित ती माझं चांगलंही ऐकेल. हे लिहिता लिहिताच सुचलं मला. तू त्या पोह्यांच्या बशीबरोबर जे म्हणालीस त्याचा अर्थ लागायला मला इतकी वर्षं आणि चाळिशी उलटावी लागली!

तेव्हा बुधवारी मी जाणार आहे. ती बोलो न बोलो. फिल्ममध्ये तिने काही बदललं असेल, नसेल, मी पुढच्या रांगेत बसेन आणि शेवटपर्यंत बघेन. मग तिला बाजूला घेईन. ते सिग्नलवरचं वाक्य जसंच्या तसं सांगेन, कांद्यासकट, गरम एसीसकट, हॉर्नसकट. एक शब्द गोड करणार नाही. हे माझं तुला वचन.

पण शरयू, तेही माझ्याच आवाजात जाणार ना? तिने मान वळवून वाट बघितली होती ती माझी नव्हती.

म्हणून एक मागते. बुधवारी ये. मागच्या रांगेत, दाराजवळ बस, तुला लगेच उठून जाता येईल अशी. सनई वाजली तरी गप्प राहा. कॅमेरा तीनदा गेला तरी गप्प राहा. एकदा तरी खलास म्हणू नकोस. आणि दिवे लागले की तिच्याजवळ जा आणि तू स्वतः म्हण, छान केलंस.

नाहीच म्हणशील तू. फिल्म वाईट आहे, कशी म्हणू, असंच म्हणशील. तरी ये.

तुझी,
उजू